माणशी एक फोन नसलेल्या घरांची सायबर सुरक्षा: खान्देशातून एक चर्चा

तापीकाठ

मंडळी, सायबर सुरक्षेचे सल्ले आता पाठ झालेत. ओटीपी कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, पासवर्ड लांबलचक ठेवा. त्यात चूक काहीच नाही. पण चोपडा-यावल भागात बसून ते वाचले की वाटतं, हे लिहिणाऱ्याच्या घरी माणशी एक फोन असणार आणि प्रत्येकाला मेसेज वाचता येत असणार.

आमच्याकडे आधारला जोडलेला नंबर बहुतेक वेळा धाकट्या पोराचा, आणि पोरगा सुरतेला नाहीतर पुण्याला. बँकेचा मेसेज त्याला जातो, पैसे आई गावात काढते. एखाद्या कामाला ओटीपी लागला तर तो आईला फोनवर सांगतो आणि आई समोरच्या ऑनलाइन कामं करणाऱ्याला सांगते. म्हणजे नियम पाळायचा तर काम अडतं आणि काम करायचं तर नियम मोडतो.

त्यात मिनी बँक, म्हणजे दुकानात अंगठा लावून खात्यातले पैसे काढायची सोय. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया येतात तेव्हा बोंडांच्या टोकांनी बोटं ओरखडलेली असतात. यंत्रावर अंगठा लागत नाही. दुकानदार ओल्या फडक्याला बोट पुसायला लावतो, मग तर्जनी, मग डावा हात, मग "आक्का, परत लाव". यातला कोणता प्रयत्न फसला आणि कोणत्यात पैसे निघाले हे आक्काला कळायचं कसं? पडदा दुकानदाराकडे तोंड करून. पावती मागितली तर "रोल संपलाय". मी कुणाला चोर म्हणत नाही. आमच्या गावचा पोरगा तर गुणी आहे, दोन फॉर्म फुकटही भरून देतो. पण सगळी भिस्त त्याच्या गुणी असण्यावर आहे, हे मला खटकतं.

तर प्रश्न असा: फोन सामाईक, वाचता न येणं आणि मध्ये एक मध्यस्थ, हे धरून चालायचं. "आधी साक्षर व्हा" हे उत्तर नको. मग काय करता येईल?

भुसावळ_जंक्शन

तापीकाठ, धागा चांगला काढलात. बँकेत नोकरी झाली आहे, म्हणून यंत्राच्या आतलं थोडं सांगतो.

तुम्ही म्हणता त्या अंगठ्याच्या व्यवहाराला एईपीएस म्हणतात. त्याला तीनच गोष्टी लागतात: आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोट. पिन नाही, ओटीपी नाही. एका वेळी जास्तीत जास्त दहा हजार निघतात. लोकांना माहीत नसतं ते हे, की या सोयीसाठी वेगळा अर्ज लागत नाही. खात्याला आधार जोडलं की बहुतेक ठिकाणी ती आपोआप सुरू होते. अनुदानासाठी आधार तर जोडावंच लागतं.

आता त्या तीन गोष्टी किती गुप्त आहेत बघा. आधारची झेरॉक्स गावभर. एकदा शेवेची पुडी सोडली तर आत कुणाच्या तरी आधारची झेरॉक्स, फोटोसकट. बँकेचं नाव अंदाजाने कळतं, तालुक्याला बँका किती असतात? राहिलं बोट. २०१८ मध्ये तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरच्या खरेदीखतांवरून अंगठ्यांचे ठसे उचलून रबरी ठसे बनवले होते. पुढे हीच युक्ती इतर राज्यांत लोकांच्या खात्यांवर चालली. २०२३ पासून आधार प्राधिकरणाने ठसा जिवंत बोटाचा आहे की नकली, हे तपासायची व्यवस्था आणली. त्याने रबरी ठशाला आळा बसतो. पण समोर बसलेल्या खऱ्या आक्काचं खरं बोट दोनदा लावून घेतलं, तर ती व्यवस्था काय करणार?

करण्यासारखं: आधारच्या संकेतस्थळावर किंवा एमआधार ॲपवर बायोमेट्रिक लॉक करता येतं. मग अंगठ्याने काहीच होत नाही.

पांझरेची_लेक

अहो जंक्शन दादा, आणि रेशन? दुकानातल्या मशीनवर अंगठा लागल्याशिवाय धान्य मिळत नाही. लॉक करून बसलं तर दर महिन्याला उघडा-झाका कोण करणार? त्यालाही आधारला जोडलेला मोबाइल हवा, आणि तो पोराकडे सुरतेला! म्हणजे फिरून परत तिथेच.

भुसावळ_जंक्शन

ताई, बरोबर बोललात. लॉक तात्पुरतं उघडता येतं, पण तुम्ही म्हणता ती अडचण खरी आहे. म्हणून लॉक हा उपाय मी पेन्शनरांना सांगतो, ज्यांच्या हातात स्वतःचा फोन आहे त्यांना. हयातीचा दाखला आता चेहऱ्यावरही निघतो, तिथे अंगठा लागत नाही.

बाकीच्यांसाठी दुसरा रस्ता. बँकेत लेखी अर्ज देऊन खात्यावरची एईपीएसची सोयच बंद करून मागायची. बऱ्याच बँका करून देतात, शाखेत अडून बसावं लागतं एवढंच. यात मेख अशी की मिनी बँकेतून पैसे निघणार नाहीत, तालुक्याला जावं लागेल. म्हणून दोन खाती ठेवा. अनुदानाचं खातं चालू राहू द्या, त्यात दीड-दोन हजारांच्या वर रक्कम पडू देऊ नका. केळीचा, कापसाचा पैसा दुसऱ्या बँकेत, आणि तिथे अंगठा बंद.

जिभाऊ_शिरपूरकर

जंक्शन आबा, तुमनं बरोबर शे. पन मन्ही मायना अंगठा कोठेच लागस नही. दुकानवाला म्हनस, डोया स्कॅन करानी मशीन दुसरा गावमा शे. आते पंधराशे रुपयासाठे डोया दखाडाले दुसरा गावले जावानं का?

बिनधास्त_जळगाव

वाचतोय. पण एक सांगू का? हे शहरातलं खूळ वाटतं मला. आमच्यासारख्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय? गावात कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाची सोयरीक कुठे मोडली, सगळं सगळ्यांना ठाऊक. सातबारा तर पहिल्यापासून सगळ्यांना खुला. मग प्रायव्हसी प्रायव्हसी काय लावलंय?

धुळे_बार

बिनधास्त, प्रश्न रोखठोक विचारलात, बरं केलंत. पारावरच्या गप्पा आणि याद्या यांत फरक आहे. पारावर तुम्हाला माझं माहीत, मला तुमचं माहीत. तुम्ही माझी उणीदुणी काढलीत तर मी तुमची काढीन, या धाकाने दोघं जपून असतो. यादी वाचणाऱ्याला तुम्ही ओळखतही नाही, आणि ती यादी विसरत नाही.

सातबाऱ्याचंच घ्या. जमिनीची नोंद खुली असावी, याच मताचा मी आहे. पूर्वी ती पाहायला तलाठ्याकडे खेटे घालावे लागत, म्हणजे कुणी पाहिली हे गावाला समजायचं. आता घरबसल्या दिसते. तिच्याशेजारी योजनेच्या लाभार्थ्यांची गाववार यादी ठेवा आणि कुठल्या तरी फॉर्मवरून फुटलेला मोबाइल नंबर ठेवा. फोन करणारा म्हणतो, "पाटील बोलताय ना? गट नंबर अमुक, तुमचा हप्ता अडकलाय." आता सांगा, तुम्ही त्याला खोटा समजाल? एकेक माहिती निरुपद्रवी होती. तीन एकत्र आल्या आणि तो सरकारी माणूस झाला.

लपवायला काही नसलं तरी हरवायला असतं. आणि लपवण्याचा हक्कही आहेच: २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो निकाल शहरापुरता नाही.

बिनधास्त_जळगाव

गट नंबरवालं पटलं. आमच्या काकांना अगदी असाच फोन आला होता, रावेरला. हप्ता नाही, पीकविमा म्हणाला होता. बाकी "हक्क हक्क" मला अजून पचलेलं नाही.

शहादा_मोबाइल_दवाखाना

दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून रोज जे बघतो ते लिहितो. लग्नसराईत व्हॉट्सॲपवर पत्रिका येते. पाठवणारा ओळखीचा, कधी सख्खा साडू. फाइलचं नाव "लग्नपत्रिका" आणि शेवटी टिंब, एपीके. पत्रिका ही फोटो नाहीतर पीडीएफ असते. एपीके म्हणजे ॲप. तेच ॲप कधी "पीएम किसान", कधी "आरटीओ चलन" या नावाने फिरतं.

दाबलं की फोन विचारतो, अज्ञात ठिकाणचं ॲप घ्यायचं का? लोक "हो" म्हणतात, कारण साडूचं लग्नघर. मग ते मेसेज वाचायची परवानगी मागतं. ती दिली की संपलं. बँकेचा ओटीपी तुमच्या आधी तिकडे पोहोचतो, आणि काही ॲप तो मेसेज तुमच्या नजरेलाही पडू देत नाहीत. वर तुमच्याच नावाने तीच पत्रिका तुमच्या सगळ्या ग्रुपांवर. पाठवणारा साडू बिचारा स्वतःच फसलेला असतो. म्हणून "अनोळखी लिंक उघडू नका" हा सल्ला इथे कामाचा नाही, फाइल ओळखीच्याकडूनच येते.

माझ्याकडे फोन आला की आधी विमान मोड. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून कार्ड आणि यूपीआय बंद. मग ते ॲप शोधून काढणं. पुष्कळदा यादीत त्याचं चित्रच नसतं, नुसती मोकळी जागा. सेटिंगमध्ये ॲपच्या यादीत जाऊन, ॲक्सेसिबिलिटीची (पडदा वाचायची आणि आपल्या वतीने फोन चालवायची) परवानगी कुणाला दिली आहे ते बघून पकडावं लागतं. जमलं नाही तर फोन पूर्ण कोरा करायचा. फोटो जातील म्हणून लोक रडतात, पण इलाज नाही.

तापीकाठ, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: घरातल्या सामाईक फोनवर व्हॉट्सॲपला आणि ब्राउझरला "अज्ञात ॲप घेण्याची" परवानगी आधीच बंद करून ठेवा. वाचता येवो न येवो, चुकून दाबलं तरी फोन अडवतो. दुकानात आलेल्या प्रत्येकाचं मी न विचारता करून देतो, पैसे घेत नाही.

केळी_व्यापार_सावदा

दवाखानावाले, झकास. हे गावोगावच्या दुकानदारांनी केलं तरी निम्मं काम होईल.

धडगाव_शाळा

सगळे बँकेवर बोलताहेत, मी अंगणवाडीचं सांगते. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी ॲपवर जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा ओळखणं सक्तीचं झालं. आमच्याकडे पाड्यापाड्यांवर रेंज नाही. सेविका फोन उंच धरून डोंगराच्या धारेवर उभी, समोर कडेवर लेकरू घेतलेली बाई, आणि ॲप म्हणतं चेहरा जुळत नाही. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा. तेव्हाची मुलगी आणि आत्ताची दोन बाळंतपणं झालेली, रक्त कमी असलेली बाई, हे जुळायचं कसं? जिची गरज जास्त तिचाच चेहरा जास्त बदललेला.

आहार चोरीला जाऊ नये म्हणून हे केलं, हे मला कळतं. चोरी होते, नाही कशाला म्हणू? पण सेविकेला शंका आली तर तिच्या हातात काही नाही. ती त्या बाईला जन्मापासून ओळखते, तिची ओळख चालत नाही, फोनची चालते. आणि तो फोटो पुढे कुठे जातो, किती वर्षं राहतो, हे विचारायची सोय त्या बाईला तिच्या पावरी बोलीत तर सोडा, मराठीतही नाही.

धुळे_बार, कायद्यात याला काही आहे का?

धुळे_बार

ताई, आहे आणि नाही. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात न्यायालयाने स्पष्ट म्हटलंय की आधार नाही म्हणून लहान मुलाला कुठल्याही योजनेचा लाभ नाकारता येणार नाही. त्याच निकालाने मोबाइल सिम आणि बँक खात्याला आधारची सक्ती काढली. तरी दुकानात आजही "आधार द्या" हेच पहिलं वाक्य असतं, हे वेगळं सांगायला नको.

व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ चा. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि त्यातली मुख्य बंधनं लागू व्हायला त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत. दंड कागदावर २५० कोटींपर्यंत. संमती मागताना सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मिळण्याचा पर्याय द्यावा लागेल. अहिराणी, भिली, पावरी त्या अनुसूचीत नाहीत, हा आपल्या वाट्याचा विनोद. आणि सरकारी यंत्रणांना त्यात सवलती भरपूर. शिवाय याच कायद्याने माहिती अधिकारातलं कलम बदललं, आता "व्यक्तिगत माहिती" म्हणून नकार देणं अधिकाऱ्याला सोपं झालं. म्हणजे नागरिक उघडा, कार्यालय झाकलेलं. माझा राग तिथे आहे.

पेगासस वगैरे फोनमध्ये शिरून पाळत ठेवणाऱ्या महागड्या सॉफ्टवेअरवर इथे वेळ घालवत नाही, पत्रकार-वकिलांना ती चिंता खरी आहे, पण आक्काच्या फोनवर एवढा खर्च कोणी करणार नाही. तरी आवाज उठवला तर फरक पडतो. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी ॲप सक्तीने घालायचा आदेश बाहेर आला, ओरड झाली आणि काही दिवसांतच सक्ती मागे घेतली गेली. ॲप वाईट नाही. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते त्यात दिसतं, हरवलेला फोन बंद करता येतो. वापरायचं की नाही हे आपण ठरवावं, एवढंच.

एमजे_ची_माजी

मला तापीकाठ यांच्या मूळ मांडणीवरच बोलायचंय. "सामाईक फोन" तुम्ही गरिबी आणि निरक्षरता म्हणून मांडलात. आमच्या जळगावात चांगल्या शिकलेल्या घरांतही मुलीचा फोन सामाईकच असतो, फक्त तिचा. भावाचा असतो त्याचा.

कॉलेजात असताना एका मैत्रिणीचं प्रत्येक बोलणं घरी कसं पोहोचतं हे कळेना. व्हॉट्सॲपमध्ये "लिंक्ड डिव्हायसेस" उघडून पाहिलं, तर भावाचा लॅपटॉप जोडलेला. एकदा फोन हातात घेतला, क्यूआर दाखवला, झालं काम. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे मधल्या कुणाला मेसेज वाचता न येणं, असून काय उपयोग, घरचंच टोक उघडं. दुसरीला लग्नात नवा फोन आला, "सगळं सेट करून दिलंय" म्हणून. गूगल मॅपचं लोकेशन नवऱ्याला कायमचं चालू होतं आणि गूगल खात्याचा पासवर्ड दिराकडे.

मुलींनी एवढं तरी पाहावं: व्हॉट्सॲपचे जोडलेले डिव्हाइस, मॅपमधलं लोकेशन शेअरिंग, गूगल खात्यात कोणकोणती यंत्रं लॉगिन आहेत. पण एक ऐका. घरात मारहाणीची, कोंडून ठेवायची भीती असेल तर सापडलं की लगेच बंद करू नका. तिकडे कळतं आणि संशय वाढतो. आधी दुसऱ्याच फोनवरून, भरवशाच्या बाईशी बोला. महिलांसाठीची १८१ हेल्पलाइन आहे.

सरकार बघतंय, कंपनी बघतेय, सगळं खरं. पण आमच्यापैकी बहुतेकींवर पाळत ठेवणारा माणूस शेजारच्या खोलीत असतो.

बिनधास्त_जळगाव

यावर काय बोलावं कळत नाही. बहिणीचा फोन मीही बघतो. काळजीपोटी.

एमजे_ची_माजी

ती तुमचा बघते का, काळजीपोटी?

लेवा_गप्पा

😄 बिनधास्त गप्प! अवांतर: १९४५ साली विप्रो सुरू झाली ती आपल्या अमळनेरात, वनस्पती तुपासाठी. सॉफ्टवेअर बंगळूरला गेलं आणि आपल्याकडे राहिलं "आक्का, परत लाव".

तापीकाठ

माजी ताई, तुमचा मुद्दा माझ्या मांडणीत नव्हता आणि तो हवाच होता. फोन सामाईक असण्यात कुणाची सोय आणि कुणावर पहारा, हे घराघरांत वेगळं असणार.

इथलं वाचून मिनी बँकवाल्या पोराशी बोललो. त्याच्या कानावर घातलं की रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये एईपीएस चालकांसाठी नियम काढलेत, १ जानेवारी २०२६ पासून लागू. चालकाची नीट पडताळणी बँकेने करायची, तीन महिने व्यवहार नसेल तर पुन्हा करायची, व्यवहारांवर नजर ठेवायची. तो म्हणाला, "काका, तक्रार आली तर आधी माझाच आयडी बंद होईल. मला पण पावती पाहिजेच." म्हणजे त्याचंही हित त्यात आहे, हे आजवर कुणी त्याला विचारलंच नव्हतं.

ग्रामसभेत ठराव मांडतोय. पडदा गिऱ्हाइकाकडे वळवलेला. फसलेल्या प्रयत्नाचीही पावती, रोल संपला तर व्यवहार बंद. आधारच्या झेरॉक्सऐवजी शेवटचे चार आकडेच दाखवणारं मास्क्ड आधार चालेल अशी पाटी. आणि महिन्यातून एकदा बँकेच्या माणसाने गावात येऊन पासबुकं छापून द्यायची, कारण वाचता न येणारी आक्कासुद्धा शेवटचा आकडा दुसऱ्या कुणाकडून, म्हणजे दुकानदार सोडून, वाचून घेऊ शकते. शेवटच्या मुद्द्यावर बँक नाक मुरडणार. बघू.

आधारच्या संकेतस्थळावर गेल्या सहा महिन्यांत आपलं आधार कुठे कुठे वापरलं गेलं त्याची यादी दिसते, तीही पोरांनी दिवाळीत घरी आले की काढून द्यावी.

पांझरेची_लेक

ठरावाचा मसुदा टाका इथे, आमच्याकडेही मांडू. आणि एक विचारायचं राहिलं. पैसे गेलेच तर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावायचा हे ऐकलंय. तिथे काय काय विचारतात? आईला आधीच सांगून ठेवते.

भुसावळ_जंक्शन

खातं कोणत्या बँकेत, खाते क्रमांक, किती रक्कम, कधी गेली आणि व्यवहाराचा क्रमांक. तो बँकेच्या मेसेजमध्ये किंवा पासबुकात असतो. लवकर कळवलं तर पुढच्या खात्यात रक्कम रोखून धरता येते, म्हणून तास मोजायचे, दिवस नाही. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या आणि सायबर क्राइम पोर्टलवर तीच तक्रार पूर्ण करा.

बँकेला वेगळं लेखी द्या, पोच घ्या. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे: चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कुणाची, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर भुर्दंड शून्य. शाखेत "बघतो, दोन दिवसांनी या" म्हणतील. दोन दिवसांनी जाऊ नका, अर्ज त्याच दिवशी आत सरकवा.

पांझरेची_लेक

पैसे शनिवारी संध्याकाळी गेले तर?

भुसावळ_जंक्शन

१९३० चोवीस तास चालतो. बँकेचा टोल-फ्री नंबरही चालू असतो, त्यावर खातं गोठवून घ्या. नंबर पासबुकावर छापलेलाच घ्यायचा, गूगलवर शोधलेला नको, तिथे भामट्यांनी स्वतःचे नंबर टाकून ठेवलेत. सोमवारी शाखा उघडली की अर्ज.